घरचा संगणक ठरल्या वेळी आपोआप सुरू करणे: बायोस, विंडोज, लिनक्स, मॅक आणि लोडशेडिंग

खटका

रात्री २ वाजता बॅकअप व्हावा, सकाळी कामाला बसण्याआधी यंत्र तयार असावं, किंवा गावी आईवडिलांच्या घरचा संगणक रोज संध्याकाळी ७ ला व्हिडिओ कॉलसाठी कुणी बटण न दाबता सुरू व्हावा, असे प्रश्न या मंचावर वरचेवर येतात आणि उत्तरं विखुरलेली राहतात. म्हणून हा एकत्र धागा. आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टंकताना रोमन अक्षरं आणि आकडे वापरावेत.

आधी एक गोष्ट पक्की करा: वाट बघत असताना तुमचा संगणक कोणत्या अवस्थेत असणार आहे? आपण सगळ्याला 'बंद' म्हणतो, पण त्याचे प्रकार वेगळे. १९९६ साली आलेल्या एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकात त्यांना क्रमांक आहेत. एस३ म्हणजे स्लीप, रॅमला वीज चालू. एस४ म्हणजे हायबरनेट, रॅममधला मजकूर डिस्कवर लिहून यंत्र बंद. एस५ म्हणजे शटडाऊन. याच्याही पलीकडे भिंतीवरचं बटण बंद. त्यात आतलं कुणीच यंत्राला उठवू शकत नाही.

पहिल्या तिन्ही अवस्थांमध्ये एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा) पूर्ण झोपलेला नसतो. १९९५ च्या एटीएक्स रचनेपासून कॅबिनेटवरचं बटण मुख्य वीज तोडत नाही, ते मदरबोर्डला फक्त इशारा देतं. एसएमपीएसमधली जांभळी तार ५ व्होल्ट सतत पुरवत राहते. त्यावर मदरबोर्डचा थोडासा भाग जागा असतो. घड्याळाचा अलार्म लागला की मदरबोर्ड हिरवी तार ग्राउंडला ओढतो आणि एसएमपीएस पूर्ण सुरू होतो. हे घड्याळ म्हणजे आरटीसी. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्येही त्यासाठी मोटोरोलाची वेगळी चिप होती आणि तिच्यात अलार्मची सोय होती. आता ते चिपसेटमध्येच असतं.

म्हणून रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करण्याची जी सवय आपल्याकडे घरोघरी आहे, ती या एका सॉकेटपुरती सोडावी लागते. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टचा. तो फक्त घड्याळ चालू ठेवतो, यंत्र सुरू करायची ताकद त्यात नाही. विजेची काळजी असेल तर हिशोब सोपा आहे: १ वॅट सतत म्हणजे ३० दिवसांत ०.७२ युनिट.

शटडाऊनमधून उठवायचं असेल तर काम बायोसमध्ये, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, करावं लागतं. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबा. एचपीवर एफ१०, लेनोव्होच्या डेस्कटॉपवर बहुधा एफ१. पर्यायाला प्रत्येकाने वेगळं नाव दिलंय:

आसूस: ॲडव्हान्स्ड, एपीएम कॉन्फिगरेशन, 'पॉवर ऑन बाय आरटीसी'.
गिगाबाइट: 'रिझ्यूम बाय अलार्म'.
एमएसआय: वेक अप इव्हेंट सेटअप, 'रिझ्यूम बाय आरटीसी अलार्म'.
डेल: पॉवर मॅनेजमेंट, 'ऑटो ऑन टाइम'. इथे रोज, फक्त कामाचे दिवस किंवा निवडक वार, तिन्ही मिळतात.
लेनोव्हो: पॉवर, 'ऑटोमॅटिक पॉवर ऑन', 'वेक अप ऑन अलार्म'.

सुट्या मदरबोर्डांवर 'दिवस' या रकान्यात वार नसतो, महिन्याची तारीख असते. तिथे १५ लिहिलं तर यंत्र फक्त १५ तारखेला उठेल. रोज हवं असेल तर बऱ्याच बोर्डांवर ० टाकायचा. वेळ २४ तासांची, म्हणजे संध्याकाळचे ७ म्हणजे १९.

जांभळी_तार

यात ईआरपीची भर घालते. 'सगळं बरोबर भरलं तरी उठत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

युरोपीय संघाच्या नियमानुसार बंद अवस्थेतल्या उपकरणाने २०१३ पासून अर्ध्या वॅटपेक्षा जास्त वीज घ्यायची नाही. त्यासाठी बोर्डवाल्यांनी 'ईआरपी' किंवा 'ईआरपी रेडी' हा पर्याय दिला. तो चालू असला की शटडाऊननंतर बोर्ड जांभळ्या तारेवरच्या बहुतेक भागांची वीज तोडतो. मग आरटीसीचा अलार्म, लॅनवरून उठवणं, कीबोर्डवरून उठवणं, सगळंच जातं. काही बोर्डांवर ईआरपी चालू असताना अलार्मचा पर्याय करडा होतो, काहींवर तो निवडता येतो पण चालत नाही. दुसरा प्रकार जास्त फसवा. डेलमध्ये याच कामाचं नाव 'डीप स्लीप कंट्रोल', ते डिसेबल्ड हवं.

ओळखायची खूण: शटडाऊननंतर मागच्या लॅन पोर्टचा दिवा लागतो का किंवा यूएसबीवर फोन चार्ज होतो का ते बघा. दोन्ही मेले असतील तर ईआरपीवर संशय घ्या. शंभर टक्के पुरावा नाही, पण शोध इथून सुरू करावा.

आणि सेल. घड्याळ रोज काही मिनिटं मागे पडत असेल किंवा वीज गेल्यावर तारीख जुन्या वर्षात जात असेल, तर आधी सीआर२०३२ बदला. या क्रमांकातच माप आहे: २० मिलीमीटर व्यास, ३.२ मिलीमीटर जाडी. सीआर२०२५ त्याच व्यासाचा पण पातळ असतो, खोबणीत सैल बसतो. सेल काढल्यावर बायोसच्या सेटिंग्ज जाऊ शकतात, त्यामुळे आधी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा.

मध्यरात्र

विंडोजवाल्यांसाठी. टास्क शेड्यूलर संगणकाला स्लीपमधून उठवतो, बहुतेक यंत्रांवर हायबरनेटमधूनही. शटडाऊनमधून कधीच नाही. त्यामुळे रात्री शटडाऊन करणाऱ्याने टास्क शेड्यूलरमध्ये वेळ घालवू नये, बायोसकडे जावं.

आधी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /ए' द्या. यंत्राला कोणत्या अवस्था येतात ते दिसेल. मग टास्क असा बनवा:

जनरल टॅबमध्ये 'रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट'. ट्रिगर डेली, वेळ ६:५०. ॲक्शनमध्ये तुमचा बॅकअपचा प्रोग्राम. नुसतंच उठवायचं असेल तर सीएमडी.ईएक्सई आणि पुढे '/सी एक्झिट'. कंडिशन्स टॅबमध्ये 'वेक द कम्प्युटर टु रन धिस टास्क'ला खूण. त्याच टॅबमध्ये 'स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कम्प्युटर इज ऑन एसी पॉवर' आधीपासून खूण केलेलं असतं, लॅपटॉप बॅटरीवर असला तर टास्क तिथेच अडतो.

एवढ्यावर थांबू नका. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रगत सेटिंग्ज, स्लीप, 'अलाउ वेक टायमर्स' हे 'एनेबल' हवं. तिथे 'इम्पॉर्टंट वेक टायमर्स ओन्ली' असेल तर तुमचा टास्क त्यात बसत नाही. बॅटरी आणि प्लग्ड इनसाठी वेगवेगळं ठरवावं लागतं.

झालं की 'पॉवरसीएफजी /वेकटायमर्स' द्या. यादीत तुमचा टास्क वेळेसकट दिसला पाहिजे. तिथे नाव नसेल तर यंत्र उठणार नाही, सकाळपर्यंत वाट बघायची गरज नाही.

उंबरठा

वरच्या पद्धतीने यंत्र उठतं, पण २ मिनिटांत परत झोपतं आणि बॅकअप अर्धवट राहतो. स्लीपची मुदत ३० मिनिटं ठेवली आहे. पडदाही काळाच राहतो. कारण काय?

मध्यरात्र

@उंबरठा, दोन्ही गोष्टी विंडोज मुद्दाम करतं. टायमरने उठलेल्या यंत्रासमोर माणूस नाही असं ते धरतं. त्यामुळे पडदा लावत नाही आणि तुमच्या ३० मिनिटांऐवजी 'सिस्टिम अनअटेंडेड स्लीप टाइमआउट' ही दुसरी मुदत लावतं. ती मूळची २ मिनिटं असते आणि पॉवर ऑप्शन्समध्ये दडवलेली असते. रेजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा) पॉवरसेटिंग्जखाली स्लीपचा गट २३८सी९एफए८ ने सुरू होतो. त्यात ७बीसी४ए२एफ९ ने सुरू होणारी नोंद शोधा आणि 'ॲट्रिब्यूट्स'ची किंमत २ करा. पॉवर ऑप्शन्स बंद करून परत उघडा, स्लीपखाली नवी ओळ दिसेल. बॅकअपला लागतो त्याच्या दीडपट वेळ तिथे द्या.

चांगले बॅकअप प्रोग्राम विंडोजला 'काम चालू आहे, झोपू नको' असं स्वतः कळवतात. तुमचा कळवतो का ते पाहायला तो चालू असताना 'पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स' द्या. सिस्टिमखाली त्याचं नाव नसेल तर वरची दुरुस्ती लागेलच.

खटका

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही इथेच सांगतो. विंडोज ८ पासून 'शट डाऊन'वर क्लिक केल्यावर यंत्र पूर्ण बंद होत नाही, विंडोजचा गाभा हायबरनेट होतो. म्हणजे आपल्याला एस५ वाटतं आणि प्रत्यक्षात एस४ असतं. काही बोर्डांचा बायोस अलार्म फक्त खऱ्या एस५ मध्ये लागतो, तिथे यामुळे तो मुका होतो.

तपासायला शिफ्ट दाबून धरून 'शट डाऊन'वर क्लिक करा, किंवा 'शटडाऊन /एस /टी ०' द्या. दोन्हीने पूर्ण शटडाऊन होतं. तसं केल्यावर अलार्म चालला तर दोष फास्ट स्टार्टअपचा. ते कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे आहे. आधी 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल'वर क्लिक करावं लागतं, तोवर खूण काढता येत नाही. एसएसडी असलेल्या यंत्रात ते बंद केल्याने काही सेकंदांपलीकडे फरक पडत नाही. मी तरी ते बंदच ठेवायला सांगेन.

पेंग्विनपाडा

लिनक्सवर हे काम सर्वांत सरळ आहे, कारण आरटीसीचा अलार्म थेट लिहिता येतो आणि शटडाऊनमधूनही चालतो. आधी ५ मिनिटांची चाचणी:

सुडो आरटीसीवेक -एम ऑफ -एस ३००

यंत्र बंद होऊन ३०० सेकंदांनी उठलं तर हार्डवेअर ठीक आहे. मग रोजचा वापर:

सुडो आरटीसीवेक -एम नो -टी $(डेट +%एस -डी 'टुमॉरो ०६:३०')

'-एम नो' म्हणजे फक्त अलार्म लाव, यंत्र आता बंद करू नको. इथे एक चूक हमखास होते. ही आज्ञा रात्री १२:३० ला चालली तर 'टुमॉरो' म्हणजे परवाची सकाळ ठरते आणि मधली सकाळ हुकते. स्क्रिप्टमध्ये आधी आजचे ६:३० काढा, ती वेळ उलटून गेली असेल तरच उद्याची घ्या.

अलार्म खरंच लागलाय का ते '/प्रॉक/ड्रायव्हर/आरटीसी' या फाइलमध्ये दिसतं. 'अलार्म_आयआरक्यू'समोर 'येस' हवं. सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) टायमरमध्ये 'वेकसिस्टिम=ट्रू' लिहिता येतं, पण ते सस्पेंडमधूनच उठवतं, शटडाऊनमधून नाही.

बायोसमधला स्वतःचा अलार्म मात्र बंद ठेवा. तो चालू असेल तर बोर्ड आपली वेळ लिहितो आणि लिनक्सने लिहिलेली पुसली जाते. एमएसआयमध्ये 'वेक अप इव्हेंट बाय' असा पर्याय असतो, तो 'बायोस'वरून 'ओएस'वर न्या.

आता साडेपाच तासांचा घोळ. लिनक्स आरटीसीत यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ. बायोसला यातलं काही कळत नाही, त्याला फक्त घड्याळाचे आकडे दिसतात. त्यामुळे फक्त लिनक्स असलेल्या यंत्रावर बायोसमध्ये ६:३० भरलं तर यंत्र दुपारी १२ ला उठतं. सकाळी ६:३० साठी ०१:०० भरावं लागतं. वारानुसार लावणाऱ्यांनी जास्त जपावं: सोमवारी पहाटे ५ म्हणजे यूटीसीत रविवारी रात्री ११:३०. 'सोमवार ते शुक्रवार' निवडून २३:३० भरलं तर सोमवारी यंत्र झोपलेलं राहील आणि शनिवारी पहाटे सुरू होईल. आरटीसीवेक वापरलं तर हे गणित करावंच लागत नाही.

दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर असतील तर दोघांना एका घड्याळावर आणा. सोपा मार्ग 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १'. स्वच्छ मार्ग म्हणजे विंडोजच्या रेजिस्ट्रीत 'रियलटाइमइजयुनिव्हर्सल' ही नोंद १ करणं.

टेम्सकाठ

@पेंग्विनपाडा यांनी सांगितलेल्यात परदेशी राहणाऱ्यांसाठी थोडी भर. भारतात घड्याळ वर्षभर एकच, इथे वर्षातून दोनदा सरकतं. लंडनमध्ये आरटीसी यूटीसीवर असेल आणि बायोसमध्ये ६:३० भरलं असेल, तर हिवाळ्यात यंत्र ६:३० ला आणि उन्हाळ्यात ७:३० ला उठेल.

विंडोजवर आरटीसी स्थानिक वेळेत असतं, पण ते सरकवायला विंडोज चालू असावं लागतं. मार्चअखेरच्या शनिवारी रात्री यंत्र बंद असेल तर रविवारी ते एक तास उशिरा उठतं, मग विंडोज घड्याळ सुधारतं आणि सोमवारपासून ठीक. ऑक्टोबरअखेर त्याच कारणाने एक तास लवकर.

कळफलक

मॅकबद्दल. २०२२ च्या व्हेंच्युरापासून वेळापत्रकाचा पर्याय सिस्टिम सेटिंग्जमधून गेला, पण टर्मिनलमध्ये सोय आहे:

सुडो पीएमसेट रिपीट वेकऑरपॉवरऑन एमटीडब्ल्यूआरएफ ०६:५०:००

वारांच्या अक्षरांत आर म्हणजे गुरुवार आणि यू म्हणजे रविवार. सुरू आणि बंद दोन्ही हवं असेल तर एकाच ओळीत लिहा. दुसऱ्यांदा 'रिपीट' दिलं की पहिलं वेळापत्रक पुसलं जातं. तपासायला 'पीएमसेट -जी शेड', काढायला 'सुडो पीएमसेट रिपीट कॅन्सल'. मॅकबुकला चार्जर जोडलेला हवा. फाइलव्हॉल्ट (मॅकची डिस्क सांकेतिक करणारी सोय) चालू असेल तर बंद अवस्थेतून सुरू झालेला मॅक पासवर्डच्या पडद्यावरच थांबतो. त्यामुळे रात्रीच्या कामासाठी मॅक बंद न करता स्लीपमध्ये ठेवणं बरं.

उंबरठा

रेजिस्ट्रीतली दुरुस्ती लागू पडली, बॅकअप पूर्ण होतोय. पुढचा प्रश्न लोडशेडिंगचा. अलार्मच्या वेळी वीज नसेल तर?

जांभळी_तार

अलार्म हुकतो. वीज आल्यावर तो 'राहिलेलं' म्हणून परत लागत नाही, पुढच्या दिवशीच लागतो.

त्यासाठी बायोसमध्ये दुसरा पर्याय आहे, 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा 'एसी बॅक'. 'पॉवर ऑन' म्हणजे वीज आली की सुरू हो. 'लास्ट स्टेट' म्हणजे वीज जाताना चालू असशील तरच सुरू हो. 'पॉवर ऑफ' म्हणजे काही करू नको. 'पॉवर ऑन' ठेवलं तर रात्री ३ ला वीज आली तरी यंत्र सुरू होईल. वीज वारंवार येते-जाते अशा भागात हे हार्ड डिस्कसाठी वाईट, कारण वीज परतल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत ती परत जाण्याची शक्यता जास्त आणि डिस्कला पुन्हापुन्हा अर्ध्यात थांबावं लागतं. तिथे यूपीएस हवाच.

पण यूपीएस असला की 'एसी बॅक' वेगळ्याच कारणाने फसतं. बॅटरी उतरत आली म्हणून सॉफ्टवेअरने संगणक नीट बंद केला, भार संपला, यूपीएस मात्र चालूच राहिला आणि तेवढ्यात वीज आली. संगणकाच्या दृष्टीने वीज गेलीच नव्हती, मग तो उठणार कशाला? यावर उपाय म्हणजे शटडाऊननंतर यूपीएसने आपलं आउटपुट तोडायला हवं. यूपीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये तसा पर्याय आहे का ते बघा, लिनक्सवर 'एनयूटी' या यूपीएस सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये ही सोय आहे. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या घरात तर संगणकाला वीज गेल्याचं कळतच नाही, तिथे आरटीसीचा अलार्मच योग्य.

बायोसमध्ये अलार्मच नसेल तर 'एसी बॅक'चा उपयोग करून टायमर सॉकेट किंवा स्मार्ट प्लग लावता येतो. क्रम महत्त्वाचा: ११ ला प्रणालीतून शटडाऊन, ११:१५ ला प्लग बंद, सकाळी ६:४५ ला प्लग चालू. शटडाऊनआधी प्लग बंद झाला तर फाइल प्रणाली बिघडायचा धोका. इथे 'लास्ट स्टेट' चालत नाही, 'पॉवर ऑन'च हवं, कारण यंत्र नीट बंद झालेलं असतं. प्लग बंद-चालू यात निदान अर्धा मिनिट अंतर ठेवा, एसएमपीएसचे कपॅसिटर रिकामे झाले नाहीत तर बोर्डला वीज गेल्याचं कळत नाही. घरगुती संगणक आणि मॉनिटर मिळून ५०० वॅट धरले तरी २३० व्होल्टला साधारण २.२ अँपिअर होतात, पण सुरू होतानाचा झटका मोठा असतो म्हणून प्लग १० अँपिअरचा घ्यावा. चकती फिरवायचा यांत्रिक टायमर लोडशेडिंगच्या भागात घेऊ नका. वीज गेली की त्याचं घड्याळही थांबतं आणि जितका वेळ वीज नव्हती तितका तो कायम मागे राहतो.

पेंग्विनपाडा

घरात राउटर किंवा रास्पबेरी पाय सतत चालू असेल तर लॅनवरूनही उठवता येतं. त्यासाठी पाठवायचा संदेश म्हणजे मॅजिक पॅकेट: ६ वेळा एफएफ आणि पुढे उठवायच्या यंत्राचा मॅक पत्ता (लॅन कार्डचा ओळख क्रमांक, वरच्या मॅक संगणकाशी संबंध नाही) १६ वेळा, एकूण १०२ बाइट. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्स प्रणाली) असलेल्या राउटरवर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) 'ईथरवेक' लावलं की वेळापत्रक तयार, आणि सुट्टीच्या दिवशी ते एका जागी थांबवता येतं. संगणकाला लॅनची तार हवी, वायफायवर शटडाऊनमधून हे धरून चालू नका. लिनक्सवर 'ईथटूल'मध्ये 'वेक-ऑन: जी' दिसलं पाहिजे. 'डी' असेल तर बंद आहे. फास्ट स्टार्टअप इथेही आडवं येतं. शिवाय वीज जाऊन आल्यावर बऱ्याच बोर्डांचं लॅन कार्ड एकदा प्रणाली सुरू होईपर्यंत पॅकेटकडे लक्षच देत नाही. म्हणून गावाकडच्या यंत्रासाठी फक्त यावर विसंबू नये, सोबत बायोसचा अलार्म लावावा.

कळफलक

यंत्र सुरू होतं, पण पुढे अडतं, अशाही तक्रारी असतात. कीबोर्ड काढलेला असेल तर काही बोर्ड 'एफ१ दाबा' म्हणून थांबतात. बायोसमध्ये 'वेट फॉर एफ१ इफ एरर' डिसेबल्ड करा. यूएसबीला पेनड्राइव्ह राहिला असेल तर यंत्र त्यावरून सुरू व्हायला बघतं, म्हणून बूटच्या क्रमात मुख्य डिस्क पहिली ठेवा. बिटलॉकरला (विंडोजची डिस्क सांकेतिक करणारी सोय) पिन असेल किंवा लिनक्सची डिस्क सांकेतिक असेल तर पासवर्डसाठी थांबणारच. नुसत्या टीपीएमवरचं (बोर्डवरच्या सुरक्षा चिपवरचं) बिटलॉकर थांबत नाही.

आईवडिलांच्या संगणकावर आपोआप लॉगिन लागतं. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं 'ऑटोलॉगॉन' त्यासाठी आहे. त्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊ नका आणि बँकेचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नका.

उंबरठा

लॅपटॉपवर बायोसचा अलार्म मिळतो का?

जांभळी_तार

घरगुती लॅपटॉपमध्ये बहुधा नसतो. डेल लॅटिट्यूडसारख्या कामाच्या मालिकांमध्ये 'ऑटो ऑन टाइम' असतं, पण चार्जर जोडलेला हवा. बाकीच्यांनी हायबरनेट आणि टास्क शेड्यूलर वापरून बघावं. वेक टायमर लावलेला लॅपटॉप मात्र झोपलेल्या अवस्थेत बॅगेत घालून नेऊ नका. तो बॅगेतच उठला तर वारा मिळत नाही आणि तापतो. प्रवासाआधी 'अलाउ वेक टायमर्स'मध्ये 'ऑन बॅटरी'समोर 'डिसेबल' करा, 'प्लग्ड इन'चं तसंच राहू द्या.